रोगपेशींतील मूलपेशीचे गुण

हाडांच्या मज्जेंतील मूलपेशींपासून तांबड्या पेशी, श्वेतपेशी व बिंबिका अशा साऱ्या रक्तपेशी निपजतात. रक्ताच्या काही कर्करोगांत ही घडण मध्येंच अडते; पेशी पक्व न होतां केवळ संख्येनें वाढत जातात.

१९७५ सालीं अमेरिकेंत लोझिओ दांपत्यानें अशा एका रुग्ण स्त्रीच्या छातींत सांचलेल्या द्रवांतील पेशी पात्रांत वाढविल्याचें प्रसिद्ध केलें. 'के ५६२' हा त्यांचा वंश अद्याप जिवंत असून पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहींही आहे. या रोगाची खूण असलेलें 'फिलाडेल्फिया' गुणसूत्र त्यांत आढळतें. पण खरें नवल पुढेंच आहे. हेमिन नांवाचें लोहयुक्त द्रव्य घातलें कीं या पेशी हिमोग्लोबिन करूं लागतात. फॉर्बोल एस्टर घातलें तर बिंबिका प्रसवणाऱ्या पेशींचें रूप घेतात.

मूलपेशीची पुरी बरोबरी मात्र त्यांस साधत नाहीं. प्रौढ मनुष्याचें हिमोग्लोबिन त्यांच्या हातून होत नाहीं, गर्भावस्थेंतील तेवढें होतें. हें उणेंच आम्हांस उपयोगी! आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील भिल्ल व पावरा बांधवांस पीडणारा सिकलसेल रोग गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन वाढल्यास सौम्य होतो. तें वाढविणारीं द्रव्यें आधीं या पेशींवर पारखतां येतात. रुग्णांस दिलें जाणारें हायड्रॉक्सियुरिया या पेशींतही तें वाढवितें.