मार्सेय : वाटेवरचें शहर

फ्रान्सला जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा पॅरिस पाहून परततो. भूमध्य समुद्रावरील मार्सेय, म्हणजे जुन्या प्रवासवर्णनांतलें मार्सेल्स, त्याच्या यादींत क्वचितच असतें. हें शहर वाटेवरचें खरें. परंतु तेंच त्याचें वैशिष्ट्य, आणि त्यासाठींच तेथें दोन दिवस राहावें.

इसवी सनापूर्वीं ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकैया नगरीच्या ग्रीकांनीं येथें वसाहत केली. त्यांनीं निवडलेली खाडी म्हणजेच आजचें जुनें बंदर. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला व पूर्वेचा मार्ग जवळ आला. मुंबईहून निघालेले कित्येक प्रवासी येथें उतरून आगगाडीनें लंडनकडे जात. बिस्केच्या खवळलेल्या उपसागराचा फेरा त्यामुळें टळे. ८ जुलै १९१० रोजीं विनायक दामोदर सावरकरांनीं ‘मोरिया’ बोटींतून उडी घेतली ती याच शहराच्या बंदरांत. किनाऱ्यावर पोहोचल्यावर त्यांना पकडून पुन्हां ब्रिटिशांच्या हवालीं करण्यांत आलें. तो वाद हेगच्या लवादापुढें गेला व १९११ सालीं निकाल ब्रिटनच्या बाजूनें लागला. पुढें १९१४ च्या सप्टेंबरांत हिंदी सैनिक महायुद्धासाठीं उतरले तेही येथेंच.

आतां बोटीचे ते दिवस गेले. पॅरिसपर्यंत विमानानें जावें व तेथील गार द लियाँ स्थानकावरून वेगवान आगगाडी धरावी. सुमारें ७५० किलोमीटरांचें अंतर ती तीन तासांहून थोड्या अधिक वेळांत तोडते. मार्सेयचें सें-शार्ल स्थानक उंचावर आहे. तेथून १०४ पायऱ्यांचा भव्य जिना शहरांत उतरतो. १९२७ सालीं खुल्या झालेल्या या जिन्यावर आशिया व आफ्रिका येथील वसाहतींच्या स्त्रीरूप मूर्ति आहेत. साम्राज्याचा तो गर्व पारतंत्र्य भोगलेल्या देशाच्या माणसानें अवश्य न्याहाळावा.

पायऱ्या उतरून चालत गेल्यास थोड्याच वेळांत जुनें बंदर लागतें. सकाळीं तेथें धक्क्यावर ताजी मासळी विकावयास येते. उत्तरेकडील इमारती नव्या दिसतात, कारण १९४३ सालीं जर्मन सैन्यानें रहिवाशांना हुसकून तो जुना मोहल्ला सुरुंगांनीं उडविला. मागील पानिये भागांत मात्र अरुंद गल्ल्या अद्याप आहेत. इटालियन, आर्मेनियन, अल्जेरियन असे अनेक लोक या बंदरानें आले व शहराचेच झाले.

शेवटीं टेकडीवरील नोत्र-दाम द ला गार्द या चर्चला जावें. आंत खलाशांनीं वाहिलेल्या लहान लहान बोटी टांगलेल्या आहेत. बाहेरून समुद्रांतील इफचा किल्ला दिसतो. ड्यूमाच्या कादंबरीनें तो जगाला परिचित केला. वर जातांना अंगावर गरम कपडा असूं द्यावा. ऱ्होन नदीच्या खोऱ्यांतून ‘मिस्त्राल’ नांवाचा थंड, कोरडा वारा सुटला म्हणजे लख्ख उन्हांतही हुडहुडी भरते. पण त्याच वाऱ्यानें आकाश निवळतें, आणि ज्या समुद्रमार्गानें इतकीं माणसें आलीं-गेलीं तो दूरवर स्पष्ट दिसतो.