पाच पौंड हवेची करामत

आधी एक कोडं सोडवा. समुद्रकिनाऱ्यावर कोरडी, भुसभुशीत वाळू आहे. तिथे दोन गाड्या उभ्या आहेत. एक तुमची सायकल. तिचं वजन असेल पंधरा-सोळा किलो. दुसरी आहे क्वाड बाईक. चार जाडजूड चाकं, मोटरसायकलचं असतं तसं हँडल, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची लांब सीट आणि वजन जवळजवळ तीनशे किलो. दोन्ही गाड्यांवर एकेक जण बसला आणि निघाला. वाळूत आधी कोण रुतेल?

सायकल! थोडं पुढे जाते न जाते तोच तिचं चाक वाळूत फसतं आणि तुम्हाला उतरून ढकलत न्यावी लागते. क्वाड मात्र गुरगुरत निघून जाते. अलिबागजवळच्या नागावला किंवा काशीदला गेला असाल, तर तिला वाळूवर पळताना तुम्ही पाहिलंही असेल. तिकडे तिला एटीव्ही म्हणतात.

वीसपट जड गाडी तरंगल्यासारखी जाते आणि हलकी सायकल रुतते, हे कसं काय?

उत्तर टायरमध्ये आहे. हवा भरायला गेलात की दुकानातले काका विचारतात, "किती पौंड?" हा पौंड म्हणजे टायरमधली हवा दर चौरस इंचावर किती जोर लावते त्याचं माप. कारच्या टायरमध्ये साधारण तीस ते पस्तीस पौंड हवा असते. सायकलच्या बारीक टायरमध्ये त्याहून जास्त, चाळीस-पन्नास पौंड. आणि क्वाडच्या एवढ्या मोठ्या टायरमध्ये? पाचाच्या आसपास! कारच्या चाकात इतकी कमी हवा दिसली, तर बाबा लगेच पंक्चरवाल्याला बोलावतील.

आता गंमत बघा. टायरवर वजन आलं की तो जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो. किती चपटा? आतल्या हवेचा जोर आणि वरचं वजन यांचा हिशेब जुळेपर्यंत. हवा ठासून भरलेली असेल तर जमिनीला टेकलेला छोटासा तुकडाही सगळं वजन पेलतो. हवा कमी असेल तर तेवढंच वजन पेलायला जास्त जागा लागते, म्हणून टायर पसरतो. टायरच्या रबराचा ताठपणाही थोडा हातभार लावतो, पण मुख्य काम हवेचंच. म्हणजे टायरमध्ये जेवढ्या दाबाची हवा, साधारण तेवढाच दाब जमिनीवर पडतो.

हे आपल्या मापात मांडू. क्वाड आणि तिच्यावर बसलेला माणूस मिळून ३७० किलो धरा. पाच पौंड हवा असेल, तर जमिनीच्या एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३५० ग्रॅम भार येतो. सायकलच्या टायरखाली तोच भार तीन किलोच्या वर जातो. आठ-नऊपट!

आणि तुमच्या स्वतःच्या पावलाखाली किती भार येतो? हे तर घरच्या घरी मोजता येईल. आलेखाच्या कागदावर अनवाणी उभे राहा, एका पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि आतले चौरस सेंटिमीटर मोजा. पावलाचा मधला कमानीचा भाग जमिनीला टेकत नाही, तो अंदाजाने वगळा. समजा, १२० चौरस सेंटिमीटर आले आणि तुमचं वजन ३२ किलो आहे. एका पायावर उभं राहिलात तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाव किलोहून थोडा जास्त भार येईल. घरातल्या मोठ्या माणसाचं पाऊल मोजलंत तर उत्तर ३५० ग्रॅमच्या जवळपास येईल. म्हणजे तीनशे किलोची क्वाड जमिनीला जेवढं दाबते, तेवढंच एका पायावर उभा असलेला माणूसही दाबतो. मला तर या गाडीतली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. तिची बाकीची सगळी कामं यातूनच निघाली आहेत.

हे सुचलं कुणाला? त्याची गोष्ट थंडीपासून सुरू होते. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ पडला की मोटरसायकली कोण घेणार? होंडाच्या तिथल्या विक्रेत्यांनी जपानला कळवलं की, हिवाळ्यातही विकता येईल असं काहीतरी बनवा. ओसामू ताकेउची नावाच्या इंजिनिअरवर हे काम आलं. त्यांच्या गटाने दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत सगळ्या रचना करून पाहिल्या. शेवटी तीन चाकं पक्की झाली आणि १९७० साली छोटीशी तीनचाकी बाजारात आली. तिला स्प्रिंगा नव्हत्या. तिचे फुगीर टायरच धक्के खायचे. त्यांत हवा होती फक्त दोन पौंडांच्या आसपास! पुढच्याच वर्षी जेम्स बाँडच्या एका चित्रपटातही ती झळकली.

पण तीन चाकांत एक खोट होती. रिक्षा जोरात वळते तेव्हा आत बसलेल्यांना ती कलंडेल की काय अशी धाकधूक वाटते ना? पुढे एकच चाक असल्यामुळे कोपऱ्यावर आधाराला काही नसतं. ही तीनचाकी तर रिक्षापेक्षा आखूड आणि अरुंद, त्यात चालवायची खाचखळग्यांतून. अपघात वाढत गेले. १९८२ साली सुझुकीने पुढेही दोन चाकं असलेली गाडी आणली आणि 'क्वाड' खऱ्या अर्थाने जन्माला आली. १९८८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी सरकारशी करार करून नव्या तीनचाकींची विक्री बंद केली.

क्वाडला खऱ्या अर्थाने कामाला लावलं ते शेतकऱ्यांनी. त्यासाठी आपण न्यूझीलंडला जाऊ. १९८२ च्या सुमारास त्या देशात माणसं होती तीस-बत्तीस लाख आणि मेंढ्या सात कोटी! आता मेंढ्या बऱ्याच कमी झाल्या आहेत, तरी माणसांपेक्षा त्या अजूनही कितीतरी जास्त आहेत. तिथली कुरणं म्हणजे हिरव्यागार, उतरत्या टेकड्या. गवत बहुतेक वेळा ओलं. जीप नेली तर चाकं घसरणार आणि गवत उखडणार. पायी गेलं तर एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंतच सकाळ संपणार. पूर्वी हे काम घोडा करायचा. मग क्वाड आली.

क्वाडच्या मागच्या जाळीवर बहुधा कुत्री बसलेली असतात, ऐटीत, वाऱ्यावर कान उडवत. मालकाने शीळ घातली की टुणकन उडी मारून कामाला लागतात. त्यांच्यात दोन प्रकार असतात. 'हेडिंग डॉग' अजिबात भुंकत नाही. तो कळपाला वळसा घालून पलीकडे जातो आणि नुसता रोखून बघत मेंढ्यांना मालकाकडे आणतो. 'हंटअवे' मात्र मोठमोठ्याने भुंकत कळपाला मागून पुढे हाकतो. एक शेतकरी, दोन-तीन कुत्री आणि एक क्वाड असली की शेकडो मेंढ्या एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातात.

कोकरं जन्मण्याच्या दिवसांत तर शेतकरी क्वाडवरून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो. का, ठाऊक आहे? पोटात कोकरू असलेली, अंगावर जाड लोकर असलेली मेंढी कधीकधी लोळताना पाठीवर उताणी पडते आणि तिला उठताच येत नाही. चारी पाय वर! तिच्या पोटात वायू साठत जातो, श्वास कोंडतो आणि काही तासांत ती दगावू शकते. वेळेवर कुणी येऊन तिला उभी केली, थोडा वेळ धरून ठेवली, की ती चालू लागते. टेकडीपलीकडची अशी मेंढी वेळेत गाठणं हे मला क्वाडच्या सगळ्या कामांतलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. तिथे कुठलीही शर्यत नसते, टाळ्या नसतात, पण एक जीव वाचतो.

शिवाय कुंपणाच्या तारा आणि खांब न्यायचे, चारा टाकायचा, मागे छोटी ट्रॉली जोडून आजारी जनावर घरी आणायचं, क्वाडच्या पाठीवरच्या टाकीतून तणनाशक फवारायचं, ही कामं आहेतच. या टाकीचीही एक खुबी आहे. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर पाणी हलत नाही. अर्धी रिकामी झाली की ते हिंदकळू लागतं. उतारावर वळताना सगळं पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीला त्या बाजूला ढकलतं. म्हणून अर्धवट टाकी घेऊन उतारावर जाताना जाणते शेतकरी जास्त जपून चालवतात.

आता क्वाड चालवतात कशी ते बघा, कारण इथे विज्ञान हाताशी येतं. क्वाडचं हँडल पिळून वेग वाढवायचा नसतो. उजव्या अंगठ्याने एक छोटी कळ दाबायची. खड्ड्यात आपटलं की माणूस हँडल घट्ट पकडतो. पिळायची मूठ असती तर त्या गडबडीत ती चुकून फिरली असती आणि गाडी उधळली असती. अंगठा उचलला की वेग आपोआप कमी होतो.

वळण्याचा प्रकार याहून मजेशीर आहे. कुठलीही गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. कारमध्ये यासाठी दातेरी चाकांची खास जोडणी असते, त्यामुळे दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. बऱ्याच क्वाडमध्ये, विशेषतः शर्यतीच्या, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असतात. दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं, म्हणून गाडी सरळच जायला बघते. मग चालवणारा काय करतो? वरचं अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवतो, बाहेरच्या पायाने पायटा दाबून धरतो. आतलं चाक हलकं होतं, जरासं घसरतं आणि गाडी वळते. चढावर तो पुढे सरकतो, उतारावर मागे. सीट लांब असते ती यासाठी! दोघांनी बसण्यासाठी नव्हे. मागे दुसरा बसला की चालवणाऱ्याला सरकायला जागाच उरत नाही. दोघांसाठी बनवलेल्या क्वाड वेगळ्या असतात.

शेताबाहेरही क्वाड कामाला येते. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक क्वाडवरून गस्त घालतात. बुडणारा माणूस दिसला की वाळूतून धावत जाण्यापेक्षा क्वाडवरून ते फार लवकर पोचतात. मुंबई पोलिसांनीही चौपाट्यांवर गस्तीसाठी अशा गाड्या वापरल्या आहेत. कच्छच्या रणातल्या दलदलीत सीमा सुरक्षा दलाकडे आणि लडाखच्या उंचीवर आपल्या सैन्याकडे सर्वत्र चालणारी अशी वाहनं आहेत. अंटार्क्टिकावरच्या ऑस्ट्रेलियन तळांवरची माणसं गोठलेल्या समुद्रावर क्वाड चालवतात, पण आधी बर्फाला भोक पाडून त्याची जाडी मोजतात. पुरेशी जाडी नसेल तर बेत रद्द.

आणि मजा? ती तर आहेच! डकार नावाची महाकठीण शर्यत वाळवंटांतून दोन आठवडे चालते. तिथे २००९ पासून २०२४ पर्यंत क्वाडचा स्वतंत्र गट होता. अर्जेंटिनाच्या पात्रोनेली भावांनी तो गाजवला. मार्कोसने या गटात २०१० साली शर्यत जिंकली, अलेहांद्रोने २०११ आणि २०१२ साली, मग पुन्हा मार्कोसने २०१३ आणि २०१६ साली. छत नाही, काच नाही, तोंडावर वाळूचा मारा आणि दिवसाला शेकडो किलोमीटर!

पण ही चार चाकांची गाडी पडत नाही असं समजू नका. ती अरुंद आहे, उंच आहे आणि उलटली तर तिचं सगळं वजन चालवणाऱ्यावर येऊ शकतं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात शेतावरच्या जीवघेण्या अपघातांत क्वाडचा वाटा मोठा आहे. म्हणून २०२१ पासून ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या नव्या शेतकी क्वाडवर, गाडी उलटली तरी माणूस चिरडू नये म्हणून, संरक्षक कमान असावीच लागते. ब्रिटनमध्ये तेरा वर्षांखालच्या मुलांनी शेतकामासाठी क्वाड चालवायला कायद्याने बंदी आहे. मोठ्यांची क्वाड सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये, असं अमेरिकेतले तज्ज्ञ सांगतात. अंग झुकवून तीनशे किलोचा तोल सांभाळायला तेवढं अंगबळही लागतंच ना!

आता आपल्या कोकणात परत येऊ. नोव्हेंबर ते मार्चमध्ये वेळास, आंजर्ले, दिवेआगर, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री वाळूत येतात, हातभर खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. वाळूवर उरते फक्त त्यांच्या सरपटण्याची खूण. गावातले कासवमित्र पहाटे किनाऱ्यावर फिरतात आणि त्या खुणेवरून घरटं शोधतात. मग अंडी उचलून कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवतात. रात्री किंवा पहाटे त्या खुणेवरून गाडी गेली तर ती पुसली जाते आणि घरटं सापडत नाही. पाच पौंडांची हवा जमिनीला हळू दाबते हे खरं, पण वेगाने फिरणारं खाचांचं चाक वाळू उकरतं आणि खोल चाकोरी पाडतं. पिल्लू असतं जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचं. समुद्राकडे निघालेलं ते पिल्लू त्या चाकोरीत पडलं, तर चढून बाहेर येता येता थकून जातं.

म्हणून या महिन्यांत कोकणात गेलात आणि किनाऱ्यावर क्वाड दिसली, तर आई-बाबांना सांगा, सूर्य वर आल्यावरच बसूया, हेल्मेट घालून, एका गाडीवर ठरलेली तेवढीच माणसं. चालवणाऱ्या दादांना विचारा, "इथे कासवं येतात का?" येत असतील तर गाडी पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवरून न्यायला सांगा आणि वरच्या कोरड्या वाळूकडे जाऊ देऊ नका. घरटी तिथेच असतात.