व्याज खावे, मुद्दल राखावे



‘शाश्वत विकास’ हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो. आपल्या भाषेत त्याचा अर्थ सोपा आहे. व्याज खावे, मुद्दल राखावे. जमीन, पाणी आणि जंगल हे आपले मुद्दल. 1987 साली ब्रुंटलँड आयोगाने जगापुढे हाच विचार मांडला. पण गरीब देशाचा पेच निराळा. आज चूलच पेटत नसेल, तर उद्यासाठी राखायचे काय? जून 1972 मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबीचा हा प्रश्न श्रीमंत देशांपुढे ठेवला होता.

दुष्काळातून निघालेली वाट

त्याच 1972 साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे खडी फोडायला गेली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव भागात 1965 पासून करून पाहिलेली कल्पना तेव्हा राज्यभर पसरली. मागेल त्याला काम, आणि कामातून गावाची मालमत्ता. रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला, 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. 2005 साली केंद्राने याच धर्तीवर देशासाठी कायदा केला.

पैसा कुठून आला, हे आपण ऊसवाल्यांनी ध्यानात घ्यावे. नोकरदारांवर व्यवसाय कर बसला आणि बागायती जमिनीवर खास आकारणी झाली. तेवढीच भर सरकारने घातली. म्हणजे ज्याला पाटाचे पाणी मिळाले, त्याने कोरडवाहू मजुराच्या चुलीला हातभार लावला. त्या मजुरीतून बंडिंग, नाला बांध, पाझर तलाव झाले. एकाच रुपयात पोटही भरले आणि मुद्दलही वाढले. मात्र पुष्कळ कामे अर्धवट राहिली आणि झालेल्या बांधांची निगा राखायला कोणी उरले नाही. धोरण चांगले असून भागत नाही, मागे गाव उभे लागते.

झरी जामणीचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला झरी जामणी तालुका आहे. पैनगंगेपलीकडे तेलंगण. गोंड, कोलाम बांधवांची वस्ती आणि पावसाच्या भरवशावरचा कापूस. पाऊस पडतो, पण उताराने नदीला जाऊन मिळतो. एक पेरणी फसली की कर्ज डोक्यावर. जिल्ह्यातल्या शेतकरी आत्महत्या साऱ्या देशाला ठाऊक आहेत. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले, त्यात यवतमाळ होता. कर्जाचा भार थोडा हलका झाला. पण शिवारात पाणी थांबल्याशिवाय तो पुन्हा चढणारच.

याच तालुक्याच्या पोटात चुनखडी आहे. मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना उभा आहे. खनिज एकदा काढले की परत उगवत नाही. ते निव्वळ मुद्दल. म्हणून 2015 च्या कायदा-दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. खाणवाल्याने रॉयल्टीखेरीज त्यात वाटा भरायचा आणि तो खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी खर्चायचा. हा पैसा नाला बांधात, विहिरीत, शाळेत गेला तर जमिनीतून गेलेले मुद्दल दुसऱ्या रूपाने गावात राहील. इमारती अन् कमानींत गेला, तर गेलाच म्हणायचे.

आपले काय?

आपल्याही अंगणात पाहू या. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा अगदी थोडा, पण सिंचनाच्या पाण्यात मात्र निम्म्याहून जास्त. झरीचा कापूसवाला एका पावसासाठी आभाळाकडे बघतो आणि आपण रात्री मोटार चालू ठेवून निजतो, हे बरे नव्हे. ठिबक करावे. पाचट जाळू नये, सरीत कुजवावे. खोडव्यालाही माती परीक्षण करूनच खत द्यावे. यात उपकार कोणावर नाही. पाणी वाचले तर आपलेच क्षेत्र टिकेल आणि कारखान्याला ऊसही पुरेल.

येत्या गटसभेत भावाबरोबर पाण्याचाही विषय काढा. आपल्या शिवारातले किती बांध फुटलेत, तेवढे मोजून या. सुरुवात तिथूनच होईल.