नळापर्यंत टिकणारी मात्रा

मलबार हिलवर म्हातारीचा बूट पाहून झाला की पोरे आईबापांचे हात ओढत रस्त्यापलीकडे हँगिंग गार्डनमध्ये पळतात. झुडपे कापून केलेले हत्ती-घोडे, फोटो. पायाखालच्या हिरवळीत सुमारे पंधरा कोटी लिटर पाण्याचा जलाशय दडलेला आहे, हे अनेक मुंबईकरांना कळले ते २०२३ साली, तो पाडून नवा बांधण्याचा विषय निघाला तेव्हा. जलाशय १८८० च्या दशकातला. गिरगाव, ग्रँट रोड, ताडदेव, फोर्ट, वरळीचा काही भाग आजही त्यावर अवलंबून आहे. शेकडो झाडे जाणार म्हणून नागरिक उठले, तज्ज्ञ कप्पे रिकामे करून आत उतरले आणि पाडण्याची गरज नाही, दुरुस्ती पुरेशी आहे, असे सांगून बाहेर आले. एकशेतीसहून अधिक वर्षे पाण्याखाली राहिलेल्या त्या भिंतींविषयी मला अपार आदर वाटतो.

त्या सगळ्या वादात दगड, काँक्रीट आणि झाडे यांविषयी भरपूर बोलले गेले. पण जलाशयातले पाणी ज्या गोष्टीमुळे पिण्याजोगे राहते ती डोळ्यांना दिसत नाही. एक लिटर पाण्यात मिलिग्रॅमचा काही अंश एवढीच तिची मात्रा असते. ती म्हणजे पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन. हा लेख त्याच्याविषयी आहे, आणि त्याच्या जागेवर हक्क सांगणाऱ्या ओझोनविषयीही.

हक्क पोकळ नाही. ओझोन म्हणजे प्राणवायूच. फक्त दोनाऐवजी तीन अणूंचा, आणि म्हणून अस्थिर. बाझेलच्या शोनबाइनने १८४० मध्ये तो ओळखला. १८५७ मध्ये वेर्नर फॉन सीमेन्सने काचेच्या नळ्यांतून हवा सोडून तिच्यात विजेचा मूक विसर्ग घडवला आणि ओझोन हवा तेव्हा तयार करता येऊ लागला. आजचे मोठे ओझोनयंत्रही याच तत्त्वावर चालते: दोन धातूंच्या मध्ये काच किंवा चिनी मातीचा पडदा, हजारो व्होल्टचा दाब, मधून जाणारी कोरडी हवा किंवा शुद्ध प्राणवायू. तयार झालेला वायू बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडतात. नेदरलँड्समध्ये १८९३ साली आणि फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ साली पिण्याचे पाणी असे शुद्ध होऊ लागले. जंतूची बाहेरची भिंतच ओझोन जाळतो. चार मिनिटे लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम ओझोन टिकवला की विषाणू संपतात, हा फ्रेंच अभियंत्यांचा जुना दंडक. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीने लाखो लोकांना अंथरुणाला खिळवले. तो क्लोरीनला दाद देत नाही, ओझोनला देतो. त्या शहराने पुढे ओझोन आणला. रंग, वास, कीटकनाशकांचे अंश यांवरही ओझोन क्लोरीनपेक्षा सरस आहे.

एवढा गुणी उपाय असताना मुंबई अजून क्लोरीनवरच का उभी आहे? गरिबी किंवा सरकारी आळस हे उत्तर पुरत नाही. खरे उत्तर पाण्याच्या प्रवासात आहे.

शहराला रोज जवळजवळ ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते आणि ते सात तलावांतून येते. विहार आणि तुळशी घराशेजारी. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा दूर डोंगरांत. निम्म्याच्या आसपास पाणी एकटा भातसा देतो. ते पिसे येथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात. दुसरे मोठे केंद्र भांडुप संकुल. तिथला १,९१० दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प आशियातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक मानला जातो, आणि त्याच आवारात आता २,००० दशलक्ष लिटरचा नवा प्रकल्प उभारायला घेतला आहे. काम समजायला सोपे, चालवायला अवघड: तुरटीच्या जातीतले रसायन घालून गढूळपणाच्या गुठळ्या करायच्या, त्या तळाला बसू द्यायच्या, वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळायचे, मग क्लोरीन. येवईच्या जलाशयाजवळही क्लोरीन घालण्याची जागा आहे. तिथून भल्या थोरल्या जलवाहिन्या आणि खडकातले बोगदे. मरोशीहून निघालेला एक बोगदा थेट माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजपाशी येतो. पुढे मलबार हिल, माझगावचा भंडारवाडा, परळकडचा गोलनजी, शिवडीचा फॉसबेरी असे टेकड्यांवरचे जलाशय, आणि अखेर रस्त्याखालच्या वाहिन्या. त्यांतल्या काही इंग्रजी अमदानीतल्या बिडाच्या आहेत.

या प्रवासाला अनेक तास लागतात. विसाव्या अंशावरच्या स्वच्छ पाण्यात ओझोन अर्ध्यावर यायला साधारण वीस-तीस मिनिटे पुरतात. आपले पाणी बहुतेक वर्षभर त्याहून गरम. त्यात तो कमी विरघळतो आणि लवकर मरतो. भांडुपला सकाळी घातलेला ओझोन काळाचौकीच्या नळात दुपारी औषधालाही सापडणार नाही. शिवाय तो मोठे सेंद्रिय रेणू तोडून त्यांचे लहान तुकडे करतो, आणि ते तुकडे वाहिनीत उरलेल्या जीवाणूंचे आयते खाद्य होतात. म्हणून जिथे जिथे ओझोन वापरतात तिथे बहुधा त्यामागे कोळशाचे गाळणे ठेवतात आणि शेवटी बहुतेक ठिकाणी थोडा क्लोरीन घालतातच. उद्या भांडुपला ओझोन आला आणि त्याने पाण्याचा दर्जा सुधारला तर मला आनंदच होईल. पण शेवटची मात्रा तेव्हाही क्लोरीनचीच असेल.

ती शेवटची मात्रा किती महत्त्वाची आहे हे लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे पाणी वेळेवर येते, म्हणजे ठरलेल्या वेळीच येते. चावीवाला रस्त्यातली चावी फिरवतो, नळाला धार लागते, मोरीतली पिंपे, कळश्या, बादल्या भरतात, आणि काही तासांनी धार आटते. वाहिनी रिकामी होते तेव्हा तिच्यात पोकळी तयार होते. शेजारून गटार जात असेल आणि सांध्याला बारीक चीर असेल तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. कुणी चोरून मोटर लावून पाणी खेचत असेल तर ही ओढ आणखी वाढते. चोवीस तास दाबाखाली असलेल्या वाहिनीतून पाणी बाहेर गळते. तासांच्या हिशोबाने भरणाऱ्या वाहिनीत घाण आत शिरते. फरक एवढाच, पण आषाढात सातरस्त्याच्या कस्तुरबा रुग्णालयात गॅस्ट्रो आणि काविळीचे रुग्ण भरती होतात त्यामागे बऱ्याचदा हेच असते. आत शिरलेल्या घाणीशी झुंजायला त्या क्षणी पाण्यात काहीतरी शिल्लक असावे लागते. भारतीय मानकानुसार नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे. पाण्याच्या नमुन्यात दोन थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहणारी ओटी टेस्ट याचसाठी असते. रंग आला नाही तर दोन अर्थ निघतात: क्लोरीन पोचलाच नाही, किंवा वाटेत कुठल्यातरी घाणीने तो खाऊन टाकला. दुसरा अर्थ अधिक मोलाचा आहे, कारण तो फुटलेल्या जागेचा माग देतो. ओझोन हा माग देऊ शकत नाही.

महापालिकेची पाणी तपासणारी प्रयोगशाळा दादरला आहे. शहरभरातून रोज गोळा केलेले नमुने तिथे बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळतात, पडद्यावर अडकलेले जीवाणू वाढू देतात आणि विष्ठेतून येणारा ई-कोलाय त्यांत आहे का ते मोजतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या शहरांतल्या नळांच्या पाण्याची भारतीय मानक ब्युरोने केलेली तपासणी जाहीर केली, तेव्हा मुंबईचे दहाही नमुने सगळ्या कसोट्यांवर उतरले. ही बातमी मी कापून ठेवली आहे. तलावाच्या या पाण्यात क्षार मुळातच कमी. तरी घरोघर क्षार काढणारी आरओ यंत्रे बसली आहेत आणि चांगले पाणी वाया घालवत आहेत.

शुद्ध पाण्याबद्दल या शहराचा लोकांशी वाद नवा नाही. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने येईपर्यंत गिरगाव, भुलेश्वर, धोबीतलाव ही विहिरींची आणि तळ्यांची वस्ती होती. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे तेवढी उरली, तळी बुजली. विहिरी मात्र नळ आल्यावरही वापरात राहिल्या. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला आणि ॲनोफिलिस स्टिफेन्साय हा डास शहरातल्या विहिरींत वाढतो, असे दाखवून दिले. विहिरी बुजवा किंवा बंदिस्त करा, असा तगादा लागला. हिंदू आणि पारशी घरमालकांनी हरकत घेतली: धर्मकार्याच्या पाण्यावर सूर्याची किरणे पडली पाहिजेत. हा सगळा झगडा महापालिकेत चिटणीस आणि पुढे आयुक्त झालेल्या रुस्तम मसानी यांनी विहिरींच्या लोकसमजुतींवरच्या आपल्या १९१८ च्या पुस्तकात नोंदवला आहे. तडजोड म्हणून काही विहिरींवर जाळीची झाकणे बसली.

बेंटली डासांबाबत बरोबर होते, यात शंका नाही. पण सूर्याचा आग्रह धरणाऱ्यांना अडाणी म्हणणे मला पटत नाही. पारदर्शक बाटलीत स्वच्छ पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवले तर त्यातले जंतू मरतात. ही पद्धत आज जागतिक आरोग्य संघटनेला मान्य आहे. खोल विहिरीत किरणे पोचत नाहीत, एवढीच उणीव. त्याच जातीची अतिनील किरणे दिव्यातून काढून नळाजवळ बसवली की झाले ॲक्वागार्ड, जे १९८० च्या दशकात विक्रेत्यांनी दारोदार फिरून मुंबईच्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत पोचवले. अतिनील दिव्याचीही अडचण ओझोनसारखीच: दिव्यासमोरून गेलेल्या पाण्याला पुढे संरक्षण नाही, आणि पाणी गढूळ असेल तर किरणे अडतात. म्हणून ते यंत्र पेल्याजवळ शोभते.

ओझोनचीही हक्काची जागा अशीच जवळची आहे. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात बूच लावण्याआधी ओझोन सोडतात. तो पाणी, बाटली आणि बूच तिन्ही निर्जंतुक करतो आणि मग त्याचा प्राणवायू होतो. बाटली बंद असल्याने नंतर राखणदाराची गरज नसते. तिथेही डोळ्यांत तेल घालून काम करावे लागते. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोन त्याचा ब्रोमेट करतो आणि ब्रोमेट कर्करोगकारक ठरण्याची शक्यता असते. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये कोकाकोलाला आपले दसानी पाणी याच कारणासाठी बाजारातून परत घ्यावे लागले. दुसरी जागा पोहण्याचा तलाव. शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी जलतरण तलावासारख्या गर्दीच्या तलावावर डोळे चुरचुरवणारा जो वास येतो त्याला लोक क्लोरीनचा वास म्हणतात. प्रत्यक्षात क्लोरीन आणि माणसांचा घाम-लघवी यांतून झालेल्या क्लोरामाइनचा तो वास असतो. पाणी फिरवण्याच्या वाटेत ओझोन दिला तर ही भानगड बरीच कमी होते, पोहणाऱ्यांच्या अंगाशी क्लोरीन कमी ठेवून भागते. सार्वजनिक तलावांसाठी मी ओझोनची मागणी आनंदाने करीन.

हवेबाबत मात्र मी ठाम विरोधात आहे. खोलीतली हवा शुद्ध करतो म्हणून विकली जाणारी ओझोनयंत्रे माणसे असलेल्या खोलीत लावू नयेत. जंतू मारण्याइतका ओझोन हवेत असेल तर तो फुप्फुसेही जाळतो. फुप्फुसांना सोसेल इतका असेल तर जंतूंचे काही बिघडत नाही. दमेकरी आणि लहान मुलांना त्रास आधी होतो. उन्हात वाहनांच्या धुरापासून तयार होणारा ओझोन आपल्या रस्त्यांवर आधीच आहे आणि देशाच्या मानकाने त्याला आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. तोच वायू पैसे देऊन घरात आणण्यात काय अर्थ? क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या आजाराचे रुग्ण असलेल्या दवाखान्यांत आधी खिडक्या, मोकळा वारा, गाळण्या आणि छतालगतचे अतिनील दिवे हीच साधने उपयोगी पडतात.

घरात पाण्यासाठी करण्यासारखे बरेच आहे. सोसायटीची जमिनीतली आणि गच्चीवरची टाकी वर्षातून दोनदा धुवावी, झाकण घट्ट ठेवावे, तळाच्या टाकीशेजारून जाणारी मैलावाहिनी आधी तपासावी. टाकीत दिवस-दिवस पाणी साठून राहिले तर महापालिकेने पाठवलेला क्लोरीन तिथेच संपतो. पावसाळ्यात पाणी गढूळ दिसले की गाळून उकळावे. प्रवासात मेडिक्लोरचे थेंब पुरतात. एवढे केले तर बहुतेक घरांना महागड्या यंत्राची गरज पडणार नाही.

मोठे काम रस्त्याखाली आहे, म्हणजे वाहिनी सतत दाबाखाली ठेवण्याचे. चेंबूरच्या हेडगेवार उद्यानापासून प्रतीक्षानगरमार्गे परळच्या सदाकांत ढवण उद्यानापर्यंत सुमारे पावणेदहा किलोमीटरचा जलबोगदा जमिनीखाली शंभर मीटरहून अधिक खोलीवर खोदून झाला आहे. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, वडाळा या भागांचे पाणी त्यातून अधिक दाबाने यायचे आहे. तो दाब गल्लीतल्या शेवटच्या नळापर्यंत पोचवायचा तर त्यासोबत जुन्या बिडाच्या वाहिन्याही बदलाव्या लागतील, आणि नळ कोरडा राहण्याचे तास कमी करावे लागतील.