मधुमेह असणाऱ्यांनी तोंड आणि हिरड्या का सांभाळाव्यात?



आसवनीत मळी आंबवतात ती यीस्ट घालून, हे आपणांस ठाऊकच आहे. यीस्ट म्हणजे साखरेवर पोसणारी सूक्ष्म बुरशी. तिच्याच जातकुळीतली 'कॅन्डिडा' नावाची बुरशी पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडातही असते. एरवी ती त्रास देत नाही. पण मधुमेहात रक्तातली साखर चढली की लाळेतही साखर वाढते, तोंड कोरडे पडते आणि शरीराची प्रतिकारशक्ती कमी होते. मग या बुरशीला रान मोकळे मिळते.

जिभेवर व गालाच्या आत दह्यासारखे पांढरे चट्टे येतात. पुसले तर खाली लाल दिसते. तिखट सोसत नाही, ओठांचे कोपरे फाटतात. कवळी असल्यास तिच्याखालची टाळू लाल होते, पण बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही.

दुसरे दुखणे हिरड्यांचे. ते मुख्यतः दातांच्या मुळाशी साठणाऱ्या जंतूंच्या थराने होते. हिरड्या सुजतात, रक्त येते, पुढे आतले हाड झिजून दात हलू लागतात. साखर काबूत नसेल तर हे लवकर घडते. १९९३ साली हॅराल्ड लो या दंततज्ज्ञांनी या रोगाला मधुमेहाची 'सहावी गुंतागुंत' म्हटले.

ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, हे दुखणे दोन्ही बाजूंनी चालते. साखर हिरड्या बिघडवते, आणि सुजलेल्या हिरड्या साखर उतरू देत नाहीत. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत 'एचबीएवनसी' सरासरी सुमारे ०.४ टक्क्याने उतरते, असे दिसून आले आहे. औषध-पथ्य सांभाळूनही साखर हटत नसेल, तर एकदा तोंड दाखवून घ्या.

मशेरीने हिरड्या घट्ट होतात हा गैरसमज आहे. तंबाखूमुळे रक्त येणे कमी होते. रोग मात्र आत वाढतच राहतो.

एवढे जरूर करा :

१) सकाळी व झोपताना ब्रशने दात घासा. मशेरी, तंबाखू, गुटखा बंद.
२) कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा.
३) वर्षातून निदान एकदा दातांच्या डॉक्टरांकडे जा आणि मधुमेह असल्याचे आधी सांगा.
४) पांढरे चट्टे आल्यास मनाने औषध घेऊ नका.
५) मधुमेह नसूनही हिरड्या वारंवार सुजत असतील, तर साखर तपासा. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आल्यास डॉक्टरांना भेटा.

दात हलायला लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा, रक्त दिसताच दवाखाना गाठलेला बरा.