डिशचा खांब रोवताना

कोकणातल्या कौलारू घरावर डिश बसवणे अवघड असते. कौलांवर ती ठरत नाही आणि पत्र्याला भोक पाडले तर पहिल्याच पावसात घर गळते. म्हणून बहुतेक जण अंगणात लोखंडी खांब रोवतात. पण फूटभर खड्डा, चार दगड आणि वर थापीभर सिमेंट एवढ्यावर काम उरकलेले आम्ही पुष्कळदा पाहतो. खांबाची खरी ताकद जमिनीखाली असते, हे आपण विसरतो.

डिश म्हणजे वाऱ्यापुढे धरलेले सूपच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगड किनाऱ्यावर आले, तेव्हा वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. असा वारा समोरून आला तर ६० सेंटीमीटरच्या डिशवर सुमारे २० किलोंचा जोर पडतो. शिवाय उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर. डिश दीड-दोन अंश जरी हलली तरी चित्र अडखळते.

आधी जागा निवडा. डीडी फ्री डिशसाठी डिशचे तोंड आपल्याकडे आग्नेयेला, वर आकाशाकडे असते. त्या बाजूला माड किंवा आंबा आड येऊ नये. खांब उभा करताना किंवा पुढे कधी पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही, इतके अंतर ठेवा.

जमिनीवर पाच फूट खांब हवा असेल, तर अडीच फूट आत जायला हवा. खड्डा फूटभर रुंद घ्या. पुळणीची सैल जमीन असेल तर आणखी खोल व रुंद खणा. खांबाच्या तळाजवळ आरपार भोक पाडून सळीचा तुकडा घाला. तो नसला तर गोल पाइप काँक्रीटमध्ये जागच्या जागी फिरू शकतो. डिशचा क्लॅम्प पाइपला बसतो की नाही, तेही आधीच पाहा.

एक घमेले सिमेंट, दोन वाळू, चार खडी हे प्रमाण ठेवा. एवढ्या खड्ड्याला साधारण अर्धी गोणी सिमेंट पुरते. पाणी बेताचेच घाला, पातळ काँक्रीट कच्चे राहते. सळईने ठोसून पोकळी काढा. ओला असतानाच खांब दोन बाजूंनी ओळंब्यात घ्या आणि टेकू द्या. काँक्रीट जमिनीपेक्षा दोन इंच वर आणून बाहेर उतार द्या, म्हणजे बुडाशी पाणी साचून गंज धरणार नाही. पाइपचे वरचे तोंड बंद करा.

आता घाई नको. सात दिवस ओले गोणपाट गुंडाळून पाणी मारा, मगच डिश चढवा. खांबाला अर्थिंग करून घ्या. तरीही विजा चमकू लागल्या की सेट-टॉप बॉक्सचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

कित्येक घरांतले कर्ते पुरुष मुंबईला किंवा आखातात असतात. गवंड्याकडून काम करून घेणे अम्मीवर किंवा भाभीवर येते. त्यांनी खड्डा बुजवण्यापूर्वी स्वतः टेप लावून पाहावा. एकदा काँक्रीट ओतले की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. हे काम मे महिन्यातच उरका. अंगणात मुले खेळतात, पलीकडे शेजाऱ्याची पडवी असते. आपल्या खांबाने त्याला इजा होऊ नये, हा शेजाऱ्याचा हक्कच आहे.