बाइकवरचा अ‍ॅम्प आणि स्पीकर कसे जुळवायचे? सुरुवात बॅटरीपासून करा

पनवेल म्हणजे बाइकवाल्यांचा नाका. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे पुण्याकडे जाणारे जुन्या हायवेने खोपोलीकडे निघतात आणि कोकणात जाणारे पळस्पे फाट्यावरून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरतात. लांबच्या राइडला गाणी हवीत म्हणून हँडलवर किंवा क्रॅश गार्डवर स्पीकर लावलेल्या गाड्या इथे हमखास दिसतात. आणि त्यांच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. "अ‍ॅम्प हजार वॅटचा आहे, तरी आवाज फाटतो." "आठवडाभरात बॅटरी बसली." "स्पीकर नवा होता, तरी जळाला."

बऱ्याचदा यातली एकही वस्तू खराब नसते. त्या एकमेकांना जुळत नसतात, इतकंच. कारमध्ये चूक झाली तर मोठी बॅटरी थोडं सांभाळून घेते. बाइकवर तशी सोय नाही. म्हणून आज आपण हे जुळवणं नेमकं कसं करायचं ते टप्प्याटप्प्याने बघू. गणित शाळेतलंच आहे, घाबरू नका.

पहिला प्रश्न: गाडी किती वीज देऊ शकते?

छोट्या कारमध्ये साधारण ३५ अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी असते. स्प्लेंडर प्लसमध्ये ती ३ ची असते, नव्या क्लासिक ३५० मध्ये ८ ची. म्हणजे स्प्लेंडरचं इंजिन बंद ठेवून ४ अ‍ॅम्पिअर खाणारी सिस्टिम वाजवली, तर कागदावरसुद्धा पाऊण तासात बॅटरी रिकामी. सेल्फ स्टार्ट तर त्याच्या बराच आधी मान टाकेल.

इंजिन चालू असताना वीज अल्टरनेटरकडून येते. पण ती आधी हेडलाइट, इग्निशन, फ्युएल पंप, ब्रेक लाइट यांच्या वाट्याला जाते. आपल्याला मिळतं ते उरलेलं. समजा अल्टरनेटर २०० वॅटचा आहे आणि गाडीची स्वतःची गरज १५० वॅट. उरले ५० वॅट, म्हणजे १४ व्होल्टला साडेतीन अ‍ॅम्पिअर. तेही इंजिन चांगलं फिरत असताना. सिग्नलला गाडी आयडलवर आली की उत्पादन आणखी खाली येतं.

तुमच्या गाडीचं खरं उत्तर मल्टिमीटर देतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू, गाणी नेहमीच्या आवाजात चालू, आणि मीटरच्या दोन पिना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. साडेतेरा व्होल्टच्या वर आकडा टिकला तर चार्जिंग नीट होतंय. तो १२.७ च्या खाली उतरून तिथेच राहिला, तर तुम्ही बॅटरीतलं साठवलेलं खाताय. आज नाही तर उद्या धक्का मारावा लागणार.

दुसरा प्रश्न: ओहम जुळतात का?

ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. टाकीचा एक नळ उघडला तर ठरावीक पाणी जातं, दोन उघडले तर दुप्पट. तसंच ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनलला समांतर जोडले की अ‍ॅम्पला २ ओहम दिसतात आणि करंट दुप्पट होतो. तेच दोन एकामागे एक जोडले तर ८ ओहम होतात आणि करंट निम्मा.

अ‍ॅम्पवर किमान ४ ओहम लिहिलं असेल, तर त्याच्या खाली जायचं नाही. आवाज वाढतो म्हणून लोक २ ओहमवर जोडतात. काही दिवस वाजतंही. मग सीटखाली, हवा नसलेल्या जागेत अ‍ॅम्प तापून बंद पडायला लागतो. स्पीकरवर काही लिहिलेलं नसेल तर मीटरने मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर सव्वातीन ते पावणेचारच्या आसपास दिसतो, ते बरोबर आहे.

इथेच बाइकवरचा एक नेहमीचा घोळ सांगतो. हॉर्न-लाइटची निगेटिव्ह बाजू चेसिसला जोडलेली असते, म्हणून काही जण स्पीकरची एक वायरही चेसिसला देतात. असं करू नका. १२ व्होल्टवर चालणाऱ्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं. त्यातली एक चेसिसला लागली की तो शॉर्टच. प्रत्येक स्पीकरला अ‍ॅम्पपासून स्वतंत्र दोन वायरी हव्यात.

तिसरा प्रश्न: खोक्यावरचे वॅट खरे किती?

खोक्यावर मोठ्या अक्षरात मॅक्स किंवा पीक वॅट छापतात. आपल्याला हवे असतात आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी ताकद. ती तपासायला दोन सोप्या युक्त्या आहेत.

पहिली: व्होल्टेज वाढवणारं सर्किट आत नसेल, तर अ‍ॅम्पकडे खेळायला गाडीचे १४.४ व्होल्टच आहेत. १४.४ चा वर्ग भागिले ओहमची दुप्पट, हे सूत्र. ४ ओहमला उत्तर येतं साधारण २६ वॅट. आतले तोटे वजा जाता स्वच्छ आवाजात हातात पडतात १८ ते २० वॅट. खोक्यावर ५० लिहिलेलं असतं ते पूर्ण फाटलेल्या आवाजाचं गणित आहे.

दुसरी: अ‍ॅम्पचा फ्यूज बघा. १० अ‍ॅम्पिअरचा असेल तर आत जाणारी वीज १० गुणिले १४, म्हणजे १४० वॅट. क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प त्यातली साधारण ८५ टक्के आवाजाला देतो, म्हणजे सगळे चॅनल मिळून १२० च्या आसपास. हजार वॅटसाठी ७० अ‍ॅम्पिअरच्या वर करंट लागेल. तेवढा बाइकवर येणार कुठून?

म्हणूनच बाइकसाठी क्लास डी घ्यावा. जुन्या पद्धतीचा क्लास एबी नेहमीच्या आवाजात घेतलेल्या विजेतली निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णतेत घालवतो. आपल्याकडे उरलेच साडेतीन अ‍ॅम्पिअर, त्यातलं सीट तापवायला का द्यायचं?

आता जुळवणी. अ‍ॅम्पचे प्रति चॅनल आरएमएस आणि स्पीकरचे आरएमएस जवळपास सारखे ठेवा. स्पीकर लहान आणि अ‍ॅम्प फार मोठा, तर स्पीकर जळतो हे सगळ्यांना कळतं. उलट बाजूही लक्षात ठेवा. छोटा अ‍ॅम्प सतत फुल ठेवला तर आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात. त्याला क्लिपिंग म्हणतात. त्यात बारीक आवाजाच्या ट्वीटरकडे नको तेवढी ताकद जाते आणि सगळ्यात आधी तोच जातो.

चौथा प्रश्न, जो दुकानात कुणी विचारत नाही

स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती? एक वॅट दिला आणि एक मीटरवर उभं राहून मोजलं तर किती डेसिबल येतात, तो आकडा. ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट करावे लागतात, ६ डेसिबलला चौपट. म्हणजे ९३ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८७ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट द्यावे लागतात.

कारमध्ये काचा बंद असतात, आवाज आत राहतो. बाइकवर वर आभाळ, आवाज चारी बाजूंना जातो. त्यात वीज मोजकी. त्यामुळे अ‍ॅम्पवर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा ते चांगल्या सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरवर घाला. बॅटरीवर एका वॅटचाही भार न टाकता आवाज वाढवणारा हाच एक उपाय आहे.

बेसचा हट्टही जरा सोडा. उघड्यावर छोट्या स्पीकरमधून खोल बेस येत नाही. तो काढायच्या नादात कोन नुसता आत-बाहेर हलतो आणि वीज खातो. अ‍ॅम्पवर हाय-पास फिल्टर असेल तर १०० ते १२० हर्ट्झला लावा. गाण्यातले शब्द लगेच मोकळे ऐकू येतील.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही

अ‍ॅम्पवरचा गेनचा स्क्रू हा मोबाइलचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांची सांगड घालण्यासाठी असतो. मोबाइलचा इक्वलायझर बंद करा, व्हॉल्यूम ८० टक्के ठेवा, गेन शून्यावरून हळूहळू वाढवा. आवाज फाटल्यासारखा वाटला की थोडा मागे घ्या आणि मग त्याला हात लावू नका.

मीटर असेल तर आणखी नेमकं होतं. स्पीकर काढा, ४०० हर्ट्झचा टोन वाजवा आणि एका चॅनलच्या दोन्ही टोकांवर एसी व्होल्ट बघा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, एवढे व्होल्ट हवेत. १८-२० वॅटच्या अ‍ॅम्पला १६ ची मर्यादा ठेवलेली बरी: १६ गुणिले ४ म्हणजे ६४, वर्गमूळ ८. मीटरवर ८ आले की थांबा.

वायर आणि फ्यूज: इथे कंजूषी नको

पॉवरची वायर थेट बॅटरीपासून घ्या. हेडलाइटच्या वायरीला टॅप मारू नका, ती वायर तेवढ्या करंटसाठी बनलेलीच नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. तो अ‍ॅम्पला वाचवायला नसून वायरला वाचवायला असतो. वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाते, कंपनाने तिचं आवरण घासतं. उघडी तार फ्रेमला लागली आणि मध्ये फ्यूज नसला तर आग टाकीखालीच लागते.

जाडीचाही हिशोब करा. जाऊन-येऊन ३ मीटर तांब्याची ०.५ चौरस मिलिमीटरची वायर १० अ‍ॅम्पिअरला एक व्होल्ट वाटेतच खाते. २.५ ची घेतली तर फक्त ०.२. अ‍ॅम्पचा निगेटिव्हही बॅटरीलाच जोडा, म्हणजे रेस केल्यावर येणारी कुईं बरीच कमी होते. चालू-बंद करणारी बारीक वायर किल्लीवर घ्या, नाहीतर पार्किंगमध्ये अ‍ॅम्प रात्रभर जागा राहील.

आपल्याकडचा पाऊस लक्षात घेऊन स्पीकर किमान आयपीएक्स ५, शक्यतो आयपी ६७ चा घ्या. अ‍ॅम्प कोरडा हवा, पण गुंडाळून ठेवू नका. त्याला हवा लागते.

आणि आवाज किती?

हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. त्याच्यावर गाणं चढवायचं म्हणजे कानाला आणखी. अमेरिकेच्या निऑश या संस्थेची शिफारस अशी, की ८५ डेसिबल ८ तास चालतील, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ९४ ला उरतो १ तास, आणि पनवेल ते महाड तासात होत नाही. शिवाय मागून येणाऱ्या ट्रेलरचा हॉर्न आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन ऐकू आलाच पाहिजे.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. कर्नाळ्याच्या खिंडीतून जाताना तर आवाज बंदच करा, ते पक्षी अभयारण्य आहे.

खरेदीला जाताना क्रम असा ठेवा

१. बॅटरीवर मीटर लावून गाडीकडे किती वीज उरते ते बघा.
२. त्या विजेत बसणारा क्लास डी अ‍ॅम्प ठरवा, फ्यूजवरून त्याचे वॅट तपासा.
३. त्याच ओहमचे, जवळपास त्याच आरएमएसचे आणि ९० डेसिबलच्या वरचे स्पीकर निवडा.
४. वायर, फ्यूज आणि होल्डर त्याच दिवशी घ्या, नंतर बघू म्हणू नका.
५. जोडणी झाली की गेन लावा आणि परत एकदा बॅटरीचे व्होल्ट मोजा.

साध्या राइडसाठी २० वॅटचे दोन चॅनल आणि दोन चांगले स्पीकर पुरतात. शहरात आणि ५०-६० च्या वेगाला गाणं स्वच्छ ऐकू येतं, आणि सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते.